आमच्याकडे नीट दिसतंय

दुपारची आवराआवर झाली की समोरच्या दारातली आत्या आमच्या स्वयंपाकघरात यायची आणि खिडकीजवळच्या स्टुलावर फोन घेऊन बसायची. "तुमच्याकडे रेंज चांगली येते हो," म्हणायची. रेंज दोन्ही घरांत सारखीच रडकी होती. पण तिकडे ती फोन घेऊन बसली की भावजय म्हणायची, "वन्सं, एवढ्या वेळात चार किटल्या घासून झाल्या असत्या." आमच्याकडे घासायला किटल्या नव्हत्या, आणि भाजी निवडताना बोलायला मलाही कुणीतरी हवंच असायचं.

अख्खा जिना तिला आत्या म्हणायचा. तिची भाची लहान असताना वरखाली करत ‘आत्या, आत्या’ असा धोशा लावायची, त्यातून ते नाव चिकटलं. वयाने ती माझ्याहून थोडीशीच मोठी, तरी मीही आत्याच म्हणायचे आणि ती मला वहिनी. तिचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. त्याबद्दल ती माझ्याशी एकदाच बोलली. "माणूस वाईट नव्हता, फक्त घरी नसायचा." पुढे विचारायला काही उरलंच नाही. त्यानंतर तिने एका मोठ्या दुकानात नोकरी केली. काचेची दारं, सरकते जिने असलं दुकान. सकाळी दार उघडायच्या आत सगळ्या फळ्यांपाशी फिरायचं आणि मालाच्या नावाची कुठली पाटी पडली आहे, कुठली दुसरीच्या मागे दडली आहे, ते पाहून सरळ करायचं, हे तिचं काम. दुकान बुडालं. काचांना आतून कागद लागले आणि ती धाकट्या भावाकडे राहायला आली. घर वडिलांचं, पण कागदावर भावाचं. मागची खोली तिला मिळाली.

मिळाली म्हणजे अर्धी मिळाली. भावाला लोक शेठ म्हणायचे, आधी चेष्टेने आणि मग सवयीने. दुकानांतून परत आलेल्या, भंगारवाल्याकडे पडलेल्या इलेक्ट्रिक किटल्या आणि इस्त्र्या तो उचलून आणायचा, कॉइल बदलायचा, वायर बदलायचा आणि विकायचा. हात चांगला होता त्याचा, खोटं कशाला बोलू. त्याच्या हातची इस्त्री आमच्याकडेही होती. किटलीच्या तळाला पाण्याचा पांढरा थर बसतो ना, तो काढायचं काम भावजयीकडे आणि आत्याकडे. त्यांच्या न्हाणीघरातून लिंबूसत्वाचा वास असा यायचा की जिना चढतानाच दात आंबायचे. चकचकीत झालेल्या किटल्या खोक्यांत भरून मागच्या खोलीत जायच्या. आत्याच्या खाटेच्या तिन्ही बाजूंना खोकी होती, चौथ्या बाजूला दार. "माझा किल्ला आहे तो," ती म्हणायची. "शत्रू आला तर आधी किटल्यांशी लढेल."

तर फोन. आत्या एका वेबसाइटची सदस्य होती. कुठली वस्तू कुठे स्वस्त मिळते ते लोकांनी लोकांना सांगायचं, आणि छोट्या विकणाऱ्यांनीही आपला माल तिथे मांडायचा, अशी ती वेबसाइट. आत्या तिथून काही घ्यायची नाही. तिथे एक कोपरा होता, मालाची नावं पडद्यावर चुकीची दिसत असतील तर कळवण्याचा. तिचा मुक्काम तिथे. नाव घेतलं होतं ‘भिंग’.

मला आधी कळेना, नावं चुकीची दिसतात म्हणजे काय. मग तिने दाखवायला सुरुवात केली. अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकोनांची माळ. अवतरणचिन्हाच्या जागी कुठले तरी आकडे आणि खुणा, जसं काही कुणी कीबोर्डवर शिंकलं. एका नावावर दुसरं नाव छापलेलं, वाचायला गेलं तर डोळे तिरळे व्हावेत. आणि सगळ्यांत जास्त म्हणजे तुटलेली नावं. फोनच्या पडद्यावर दोन ओळींपलीकडचं सगळं कापलं जायचं आणि तीन टिंबं यायची. आजी-आजोबांसाठी हलकी काठी होती, तिचं नाव दिसायचं ‘हलक्या वजनाची आजी…’ केकवर ठेवायचा प्लास्टिकचा नवरा-नवरीच्या बाहुल्यांचा जोड होता, तो दिसायचा ‘धुता येणारा, न मोडणारा नवरा…’ त्या दिवशी खालच्या मजल्यावरची शिंपीण आमच्याकडे माप घ्यायला आली होती. ती म्हणाली, "न मोडणारा राहू दे, धुता येणारा असला तरी एक मागव माझ्यासाठी." आत्या इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला.

पण हसून झाल्यावर तिने तो कळवलाच. कळवायची तिची पद्धत ठरलेली होती. आधी पडद्याचा फोटो. मग फोन कुठला, काय दिसतं, काय दिसायला हवं. एवढंच लिहायचं. रागावायचं नाही, शहाणपण शिकवायचं नाही. आणि एक नियम तिने स्वतःच स्वतःला घातलेला होता. विकणाऱ्याचं नाव बघायचं नाही. मालाच्या नावाखाली बारीक अक्षरात विकणाऱ्याचं नाव असतं, त्यावर ती सरळ अंगठा ठेवायची.

"का हो?" मी एकदा विचारलं.

"दुकानात असताना पाहिलंय ना. ओळखीच्या कंपनीचा माणूस असला की त्याची पडलेली पाटी आधी उचलली जाते आणि अनोळखी माणसाची राहते. हाताला कळतसुद्धा नाही. त्यापेक्षा नकोच ते नाव."

वेबसाइटची माणसं तिला सुरुवातीला धूप घालत नसत. उत्तर यायचं, ‘आमच्याकडे नीट दिसतंय.’ बस. उत्तर देणाऱ्याने स्वतःचं नाव ‘पहारेकरी’ ठेवलेलं होतं. तो बाई होता की बुवा, एक होता की दहा जण मिळून एक, देवाला ठाऊक. आत्या चिडायची नाही. "बरोबर आहे त्याचं. तो मोठ्या पडद्यावर बघतो. मोठ्या पडद्यावर सगळं नीटच दिसतं." मग ती शिंपिणीच्या फोनवर, माझ्या फोनवर, जिन्यात भेटेल त्याच्या फोनवर तेच पान उघडून फोटो काढायची आणि पुन्हा पाठवायची. हळूहळू उत्तरं बदलली. ‘पाहतो.’ मग ‘दुरुस्त केलं.’ मग एके दिवशी ‘धन्यवाद, भिंग.’ तो शब्द तिने मला दोनदा वाचून दाखवला. घरी जेवतानाही सांगितला म्हणे. शेठ म्हणाला, "वा ताई, भिंग काय, आता दुर्बीण हो." भावजय म्हणाली, "पगार देतात का?" विषय संपला.

किटलीचं झालं ते असं. एका दुपारी आत्या आली आणि तिने सरळ फोन माझ्यापुढे धरला. चकचकीत किटलीचा फोटो होता, कंपनीच्या जाहिरातीतला. खाली नाव, ‘स्टीलची इलेक्ट्रिक किटली, दुहेरी भिंत, आपोआप बंद होणारी, कंपनीच्या मूळ खो…’ आणि तीन टिंबं. त्याखाली, किटली घेतलेल्या एका बाईने लिहिलं होतं, ‘नवी म्हणून आईसाठी घेतली. तळाशी कडेला जुना थर आहे. आई म्हणते, कुणाच्या घरची उष्टी किटली आणलीस?’

"आता हे बघा," आत्या म्हणाली आणि मला कम्प्युटरवरचं पान दाखवलं. मुलाचा जुना कम्प्युटर आमच्या बाहेरच्या खोलीत होता, तो तिने मला विचारून चालू केला होता. तिथे नाव पूर्ण होतं, ‘…कंपनीच्या मूळ खोक्यात, वापरलेली, दुरुस्त करून विक्रीस.’

"म्हणजे फोनवाल्यांना कळतच नाही, जुनी आहे म्हणून?"

"नाही कळत. आणि घेतात सगळे फोनवरूनच."

"मुद्दाम केलंय हे, आत्या. इतकं नेमकं कसं तुटेल?"

"ते मला कसं कळणार? मी तुटलेलं कळवते. मुद्दाम की चुकून, ते त्यांचं ते बघतील." अंगठा ठेवून तिने फोटो काढला आणि पाठवून दिला.

तुम्ही म्हणाल, घरात किटल्या, न्हाणीघरात किटल्या, उशाशी किटल्या, आणि हिला शंका कशी आली नाही? मीही म्हटलं होतं, नंतर. तिचं म्हणणं, शेठ आपला माल बाजारात देतो, एवढंच तिला ठाऊक होतं. फोटो कंपनीचा, किटल्या तर सगळ्या सारख्याच दिसतात. एक जागा होती जिथे तिला कळलं असतं, आणि तिथे तिचा अंगठा होता.

पहारेकऱ्याने या वेळी फारच लवकर दखल घेतली. ‘वापरलेली, दुरुस्त केलेली’ हे शब्द उचलून नावाच्या अगदी सुरुवातीला आणून ठेवले. आणि त्यांच्या पद्धतीप्रमाणे विकणाऱ्याला कळवलं की ‘भिंग’ या सदस्याने लक्षात आणून दिल्यामुळे आपल्या मालाच्या नावात बदल केला आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ आमच्या दारात. उंबऱ्याच्या आत आला नाही, चौकटीला टेकून उभा राहिला. आवाज चढवणाऱ्यातला तो कधीच नव्हता. उलट चिडला की जास्त गोड व्हायचा, हे मला जिन्यातल्या भांडणांवरून माहीत होतं.

"वहिनी, आमचं भिंग इकडे आहे का?"

आत्या स्टुलावरून अर्धी उठली. "का रे?"

"काही नाही. तुझे आभार मानायला आलो. काल संध्याकाळपासून एक किटली गेली नाही. असलेल्या मागण्याही लोकांनी मागे घेतल्या. म्हटलं, एवढं मोठं काम कुणी केलं, तर आपलीच ताई निघाली."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा हात आपोआप फोनवर गेला, पालथा घातला तिने तो. "ती तुझी होती?"

"मग कुणाची? जेवताना कौतुक ऐकवलंस, तेव्हा माझ्या मालाची नावं वाचायला सांगायला हवं होतं मी तुला. चूक माझीच."

"पण बाबा, त्यात वापरलेली म्हणून दिसतच नव्हतं."

"लिहिलेलं होतं की नव्हतं?"

"लिहिलेलं होतं. दिसत नव्हतं."

"मी लिहिलं होतं ना? झालं तर. कुणाच्या फोनला किती दिसतं, ते मी बघायचं का?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो, पण लोकांना कळायला नको का, जुनी आहे ते?"

तो माझ्याकडे वळून हसला. "वहिनी, तुमची इस्त्री कशी चालते?"

"चांगली चालते."

"जुनीच आहे ती. तुम्हाला कधी सांगितलं का मी? कपडे सुरकुतलेले राहतात का त्याने?"

इस्त्री खरंच चांगली चालत होती.

मग तो आत्याकडे वळला आणि जे बोलला ते असं बोलला, जसा काही तिचा सल्ला मागतोय. "ताई, तूच सांग मी काय करू. धंदा असाच चालला असता तर या वर्षी बाहेर गाळा घेणार होतो. सगळा माल तिकडे, खोली पूर्ण तुझी. खिडकीसुद्धा उघडली असती तुझी. आता माल पडून राहणार. पडलेला माल मी ठेवू कुठे? मागच्या खोलीतच ना? मग तुझी खाट ठेवू कुठे? मला तर सुचत नाही."

"मी काय करायचं म्हणतोस?"

"लिही त्यांना. चुकून कळवलं, माझ्या फोनवर आता नीट दिसतंय. तुझं ऐकतात ते. धन्यवाद म्हणतात."

तो गेला. मी चहा टाकला. आत्याने कप हातात घेतला आणि तसाच धरून बसली.

"नका लिहू," मी म्हटलं.

"आणि जाऊ कुठे?"

मी म्हटलं, बघू काहीतरी. ते ‘बघू’ माझ्याच कानाला पोकळ लागलं. आमचं घर दोन खोल्यांचं, सासरे अंथरुणावर, मुलगा परीक्षेचा. तिला ते ठाऊक होतं. म्हणून तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मला लाज वाटू नये म्हणून.

"खोटं लिहायचं तर फोटो लागणार," ती थोड्या वेळाने म्हणाली. जणू दुसऱ्या कुणाची अडचण सोडवत होती. "फोटोशिवाय पहारेकरी मानायचा नाही. मीच त्याला ती सवय लावली."

मग तिने फोन उचलला, जुनं पान उघडलं. पहारेकऱ्याने बदल केला तरी आधीचं नाव कसं दिसत होतं ते पाहायची तिथे सोय होती. आणि फोन आडवा धरला. पडदा रुंद झाला, अक्षरं पसरली. ‘स्टीलची इलेक्ट्रिक किटली’पासून ‘दुरुस्त करून विक्रीस’पर्यंत अख्खं नाव, कुठेही न तुटता. फोन आडवा धरून किटली विकत घेणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. पण फोटो खरा होता. तोच फोन, तेच पान, तेच नाव. तिने तो काढला आणि खाली लिहिलं, ‘पुन्हा तपासलं. माझ्या फोनवर नाव पूर्ण दिसतं. आधीची तक्रार मागे घेते. त्रासाबद्दल क्षमा असावी.’

पाठवल्यावर तिने कप उचलून गार झालेला चहा संपवला. मला तेच जास्त लागलं.

संध्याकाळच्या आत नाव पूर्वीसारखं झालं. पहारेकऱ्याचं उत्तर आलं, ‘आमच्याकडेही नीट दिसतंय. स्वतःची चूक स्वतः मान्य करणारे सदस्य फार थोडे असतात.’ आणि आठवडा उलटायच्या आत तिच्या ‘भिंग’ या नावापुढे एक हिरवी खूण आली. ‘विश्वासू सदस्य.’ या खुणेच्या माणसाने काही कळवलं तर ते न तपासता लगेच दुरुस्त होतं, असं त्या खुणेचं महत्त्व.

"इतकी वर्षं खरं सांगत होते तेव्हा नाही दिली," आत्या म्हणाली. एवढंच म्हणाली आणि कोथिंबिरीच्या काड्या तोडायला लागली.

शेठने त्या दिवशी मिठाई आणली. आमच्याकडेही पुडा आला. किटल्या पुन्हा जायला लागल्या, जिन्यात लिंबूसत्वाचा वास पुन्हा चढला. भावजय आत्याला ‘वन्सं, बसा तुम्ही, मी घासते’ म्हणायला लागली. आत्याचं कळवणं मात्र थांबलं. दुपारी यायची, फोन मांडीवर ठेवायची, बघायची नाही. मी मुद्दाम एक वेडंवाकडं तुटलेलं नाव शोधून तिला दाखवलं, हसेल म्हणून. ती म्हणाली, "हं."

मग शेठ दुसऱ्यांदा आमच्या दारात आला. या वेळी आत आला, स्टूल ओढून बसला, फोन पुढे केला.

"ताई, हा बघ. पलीकडच्या रस्त्यावरचा रेडिओवाला. हाही आता किटल्या विकायला लागलाय. नवीन माल आणतो, कुठून आणतो कोण जाणे, आणि माझ्यापेक्षा स्वस्त देतो. याच्या नावात काहीतरी असेलच बघ."

आत्याने बघितलं. उभा धरून बघितलं, आडवा धरून बघितलं. "काही नाही. सगळं दिसतंय."

"अगं, नीट बघ."

"नीटच बघितलं. नाव लहान आहे, कुठेच तुटत नाही."

"तुटत नसेल तर तोडायचं," तो हसत म्हणाला. "तुझ्याकडे ती हिरवी खूण आहे ना? तू नुसतं म्हण, यावर जुना माल असं लिहिलेलं होतं आणि ते आता दिसत नाही. ते तपासत नाहीत. लिहून टाकतील, ‘वापरलेली’."

"पण त्याची नवी आहे."

"आपली जुनी असून नीट दिसली की नाही? तसंच हे."

आत्याने फोन त्याला परत दिला. मी भाकरी-पोळी काय करत होते ते तव्यावरच करपलं, मला आठवतंय ते वासावरून. ती म्हणाली, "तू लहान असताना तुझी चड्डी नीट बसावी म्हणून मी नाडी ओवून द्यायची. तुला आठवतं?"

"आता चड्डीचं काय मध्येच?"

"काही नाही. मी हे करणार नाही."

"बरं," शेठ म्हणाला. आणि उठला. दारातून वळून म्हणाला, "वहिनी, गॅस बघा, करपतंय."

तो गेल्यावर आत्याने फोन घेतला. मला वाटलं, आता ही आपलं तिथलं नावच काढून टाकणार. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. पण तिने किटलीचं पान उघडलं. फोन उभा धरून फोटो काढला, तीन टिंबांसकट. या वेळी अंगठा ठेवला नाही. भावाच्या धंद्याचं नाव खाली स्वच्छ दिसत होतं. आणि तिने लिहिलं की मागच्या वेळी मी फोन आडवा धरून फोटो पाठवला होता, लोक फोन उभा धरतात, उभ्या फोनवर ‘वापरलेली’ हे दिसत नाही, ते मला तेव्हाही माहीत होतं. विकणारा माझा भाऊ आहे. सगळं लिहिलं. मी म्हटलं, "भाऊ आहे ते कशाला लिहिता?" ती म्हणाली, "लपवून एकदा झालं की."

उत्तर यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस ती आमच्याकडे आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि फोन माझ्या हातात दिला.

‘या मालाविषयी आपण आधी तक्रार केली, मग मागे घेतली, आता पुन्हा करत आहात. आपल्याच मागच्या फोटोत नाव पूर्ण दिसत आहे. आमच्याकडेही नीट दिसतंय. कौटुंबिक वाद सोडवण्यासाठी ही जागा नाही. आपली विश्वासू सदस्याची खूण काढण्यात येत असून पुढील तक्रारी विचारात घेतल्या जाणार नाहीत. विकणाऱ्यास याची कल्पना देण्यात आली आहे.’

"आता?" मी विचारलं.

"आता काय. कल्पना दिली आहे म्हणतात ना."

शेठ ओरडला नाही, ताई म्हणायचं सोडलं नाही, जेवताना तिच्या ताटात आधी वाढायला सांगायचं सोडलं नाही. फक्त खोकी यायला लागली. गाळ्याचं नाव पुन्हा निघालं नाही. आधी खाटेच्या तिन्ही बाजूंची रास छतापर्यंत गेली. मग खाटेखाली. मग एका सकाळी दोन हमालांनी खाट उचलली आणि स्वयंपाकघर नि न्हाणीघर यांच्या मधल्या बोळात आणून टाकली. रात्री कुणाला न्हाणीघरात जायचं तर आत्याला पाय जवळ घ्यावे लागतात. भावजय आल्या-गेल्याला सांगते, "वन्सं म्हणाल्या, मला खोलीत कोंडल्यासारखं होतं." सांगताना खऱ्या वाटाव्यात अशा सगळ्या खुणा तिच्या चेहऱ्यावर असतात.

सुट्टीत भाची आली. ती दुसऱ्या गावी शिकते, हॉस्टेलवर असते. मी त्या दिवशी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते, म्हणून पाहिलं. पोरीने बॅग टाकली, सवयीने धावत मागच्या खोलीकडे गेली आणि दार उघडेना. आतून खोकी टेकली होती.

"आत्या, तू इथे का झोपतेस? बाबा, ही इथे का झोपते?"

शेठ पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली केला आणि तोंड उघडलं. मला वाटलं, आत्या बोलेल. निदान या पोरीजवळ तरी बोलेल, हिच्याशी ती कधी खोटं बोललेली नाही. पोर तिच्याकडेच बघत होती.

आत्याने चादरीची घडी घातली, उशीखाली सारली.

"मीच म्हटलं," ती म्हणाली. "इथे मला हवा छान येते."

शेठने पेपर पुन्हा वर केला. पोर ‘बरं’ म्हणून हातपाय धुवायला गेली. तिला वाट द्यायला आत्याने पाय जवळ घेतले. मी विरजणाची वाटी घेऊन घरी आले. त्या बोळाला खिडकी नाही.